थकलेल्या शरीरांतील हाडें

खान्देशांत माणसाची पारख कामावरून करण्याची रीत जुनी आहे. कपाशीच्या वेचणीला दिवसभर उन्हांत वाकणारी बाई, किंवा रावेर-यावलच्या मळ्यांतून केळीचे घड खांद्यावर वाहणारा गडी संध्याकाळीं थकला, तर त्याच्या थकव्याला मान असतो. परंतु ज्याच्या अंगावर जखम नाहीं, ज्याला ताप नाहीं, आणि तरीहि जो खाटेवरून उठूं शकत नाहीं, त्याच्याकडे घरचे लोकहि संशयानें पाहतात. आज मला ज्या रोग्यांविषयीं बोलावयाचें आहे ते या दुसऱ्या वर्गांतले.

या विकाराला ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ असें नांव आहे. आपण त्याला चिरथकवा म्हणूं. १९५५ सालीं लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयांत अशा दुखण्याची सांथ उद्भवली. दोनशेंहून अधिक डॉक्टर, परिचारिका आणि इतर नोकर आजारी पडले, आणि रुग्णालय कांहीं महिने बंद ठेवावें लागलें. आजचें नांव १९८८ सालीं अमेरिकेंत रूढ झालें. पुष्कळदां एखाद्या तापानंतर हें दुखणें सुरू होतें. २०२० नंतर कोविडमागून तें जडलेले रोगी आपणांपैकीं कित्येकांच्या माहितींत असतील. साध्या थकव्याहून याची खूण वेगळी आहे. विश्रांतीनें हा थकवा जात नाहीं, झोपेनें ताजेंतवानें वाटत नाहीं, आणि थोडे श्रम झाले तर त्यांचा दंड एक-दोन दिवसांनीं भरावा लागतो. आज अंगण झाडलें कीं परवां उठवत नाहीं.

रावेर तालुक्यांतील एका गांवची एक बाई माझ्याकडे येत असे. वय एकेचाळीस. तीन वर्षें अंधाऱ्या आंतल्या खोलींत खाटेवर गेलेलीं. एके दिवशीं न्हाणीच्या उंबऱ्याशीं पाय घसरला, हात टेकला, आणि मनगटाचें हाड मोडलें. उभ्या उंचीवरून पडून या वयांत हाड मोडूं नये. तिनें पिशवींतून रिकाम्या बाटल्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, “डॉक्टरसाहेब, कॅल्शियमच्या गोळ्या एक दिवस चुकवल्या नाहींत. मग हाड मोडलं कसं?” त्या बाटल्यांपैकीं निम्म्या माझ्याच चिठ्ठीवर आलेल्या होत्या. थकव्याला दुसरें कांहीं देतां येत नाहीं म्हणून मीं त्या लिहून दिल्या होत्या, हें येथें कबूल केलें पाहिजे.

हाड म्हणजे भिंतींत बसविलेला दगड नव्हे. तें आयुष्यभर पोखरलें जातें आणि आयुष्यभर बांधलें जातें. प्रौढ माणसाच्या शरीरांत सुमारे एक किलो कॅल्शियम असतें, आणि शंभरांतील नव्याण्णव भाग हाडांत आणि दांतांत असतात. पाय जमिनीवर टेकून शरीराचा भार पडला, स्नायूंनीं ओढ दिली, म्हणजे बांधणाऱ्या पेशींना काम मिळतें. हाड आपल्यावरील भाराप्रमाणें आपली घडण बदलतें, हें जर्मन शस्त्रवैद्य यूलियस वोल्फ यानें १८९२ सालींच मांडलें होतें. याचा पडताळा देणारा एक प्रयोग अमेरिकेंत झाला व १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. चार धडधाकट तरुणांना कमरेखालीं प्लास्टर घालून सहा-सात आठवडे बिछान्यावर ठेवण्यांत आलें. अन्न मोजून दिलें जात होतें. तरीहि त्यांच्या लघवीवाटे जाणारें कॅल्शियम वाढत जाऊन सुमारे दुप्पट झालें. ताटांत कांहीं उणें नव्हतें. उणा होता तो हाडांवरचा भार.

माझ्या रोगी बाईचें असेंच झालें होतें. विटांची गाडी रोज दारांत येऊन पडत होती, पण गवंडी कामावर नव्हता. शिवाय ऊन नाहीं म्हणून ‘ड’ जीवनसत्त्व नाहीं. आणि तें नसेल तर आंतडीं अन्नांतील कॅल्शियम नीट शोषून घेत नाहींत.

मग गोळ्या निरुपयोगी काय? तसेंहि नव्हे. आपल्या देशांतील आहारशास्त्रज्ञांनीं २०२० सालीं प्रौढांसाठीं दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम ठरविलें आहे. आहारांत तितकें येत नसेल तर उणीव गोळीनें भरावी. उणीवच, त्याहून अधिक नको. अमेरिकेंत ३६,२८२ प्रौढ स्त्रियांवर सुमारे सात वर्षें चाललेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाले. कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांच्या कमरेच्या हाडाची घनता किंचित् अधिक राहिली. हाड मोडण्याचें प्रमाण निश्चितपणें कमी झालें असें मात्र म्हणतां आलें नाहीं, आणि मूतखडे शेंकडा सतरांनीं वाढले. आपल्याकडील उन्हाळ्यांत पाणी कमी पिणाऱ्या माणसानें हें विसरूं नये. साधी कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यावी. एका वेळीं ५०० मिलिग्रॅमहून अधिक घेऊन उपयोग नाहीं. लोहाची किंवा थायरॉइडची गोळी तिच्या जोडीला घेऊं नये, चार तासांचें अंतर ठेवावें. ‘ड’ जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटांची पुडी आठवड्याची असते. ती रोज घेऊन अपाय झालेले लोक मीं पाहिले आहेत.

आतां ताटाकडे वळूं. ज्वारी-बाजरीच्या भाकरींत कॅल्शियम बेताचेंच. केळें खाऊन हाडें घट्ट होतात असा आपल्याकडे समज आहे. जळगांवच्या केळ्याचा मलाहि अभिमान आहे, परंतु त्यांत कॅल्शियम जवळजवळ नाहींच. दूध-दह्याच्या शंभर ग्रॅमांत सुमारे १२० मिलिग्रॅम असतें. साक्रीकडील डोंगराळ भागांतील नागलींत तेवढ्याच वजनांत साडेतीनशेंच्या आसपास सांपडतें, आणि तीच नागली आपण गरिबाचें धान्य म्हणून बाजूला सारतों. तिळाची चटणी आणि शेवग्याचा पाला यांनाहि संक्रांतीपुरतें किंवा कुंपणापुरतें ठेवूं नये.

एका गोष्टीविषयीं मला रागानें बोलावेंसें वाटतें. थकव्यावर ‘शक्तीची पुडी’ म्हणून कांहीं लोक निनांवी चूर्ण विकतात. अशा कांहीं पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलें असतें. चार दिवस अंगांत बळ आल्यासारखें वाटतें. पण हाडांना पोखरण्यांत त्या औषधासारखें दुसरें नाहीं. आणि दीर्घकाळ घेतल्यावर तें एकाएकीं बंद करणेंहि धोक्याचें असतें. म्हणून पुडी घेऊन डॉक्टरकडे जावें, लपवूं नये.

खरी अडचण पुढेंच आहे. हाडांसाठीं इतरांना आपण सांगतों, चाला, जिने चढा. चिरथकव्याच्या रोग्याला हाच उपदेश घातक ठरूं शकतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनें २०२१ सालीं स्पष्ट सांगितलें कीं ठराविक रीतीनें वाढवीत नेलेला व्यायाम हा या विकारावरील उपचार म्हणून देऊं नये. तेव्हां मार्ग अरुंद आहे. पडल्या पडल्या मांडीचे स्नायू आवळून सोडणें, खाटेच्या कडेशीं बसून पाय जमिनीवर दाबणें, जमेल त्या दिवशीं भिंतीला धरून मिनिटभर उभें राहणें. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं शरीर काय म्हणतें तें पाहून मगच पुढें जाणें. न जमल्यास तें थांबवावें. त्यांत हार नाहीं.

उन्हाचेंहि तसेंच. मे महिन्यांत जळगांव-धुळ्याचा पारा कित्येकदां ४५ अंशांपर्यंत जातो. अशा उन्हांत या रोग्यांना बसवूं नये, त्यांना घेरी येते. दुसरीकडे सकाळीं सातचें कोवळें ऊन सुखाचें खरें, पण त्यानें ‘ड’ जीवनसत्त्व फारसें बनत नाहीं, आणि बंद कांचेच्या खिडकीआडून तर नाहींच. हिंवाळ्यांत अकराच्या सुमारास हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसतां आलें तर उत्तम. एरवीं तें जीवनसत्त्व तोंडावाटे, मोजून घ्यावें.

त्या बाईचें मनगट दीड महिन्यांत सांधलें. तिच्या रक्तांतील ‘ड’ जीवनसत्त्व फारच कमी निघालें. गोळी आतां एकच आहे, दुपारच्या जेवणाबरोबर, आणि रात्रीं वाटीभर दूध. थकवा गेलेला नाहीं. तो जाईल असें मीं तिला सांगितलें नाहीं. मागच्या मार्गशीर्षांत मी त्या गांवीं गेलों होतों. सुनेला आळशी म्हणणाऱ्या सासूबाईंनीं तिची खाट आंतल्या खोलींतून ओसरीवर आणली होती, आणि ऊन सरकेल तसतशी ती खाट दोन नातवांकडून सरकवून घेत होत्या.