मुलगा, मुलगी आणि मनावरचं ओझं



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या जाम नदीत गोटमार होते आणि चार दिवसांत बाप्पा येतात. गोटमारीची दंतकथा आपल्याला तोंडपाठ आहे. पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी, आणि नदी ओलांडताना दोन्ही काठांवरून आलेले दगड. त्या दोघांच्या मनात काय चाललं होतं, हे मात्र कथेत येत नाही.

नागपूरला, छिंदवाड्याला शिकणाऱ्या मुलांचंही तसंच होतं. रक्त निघालं तरी मागे हटायचं नाही, हे मुलगा लहानपणापासून पाहतो. मग पेपर अवघड गेला, घरी संत्र्याचा बहार गळाला आणि खोलीचं भाडं थकलं, तर त्याने कोणापाशी बोलावं? ‘पोरगा असून रडतोस?’ हे त्याला ऐकायचं नसतं.

मुलीचं ओझं वेगळं. ती सुटीत घरी आली की पुस्तकाआधी पोळपाट हाती येतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे जात होते, पुरुषांचे ९७. वर ‘शिक्षण संपलं की लग्न’ हे घड्याळ चालूच.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. अशा घटनेमागे कारण एकच नसतं. पण वेळेवर बोलता आलं, तर जीव वाचू शकतो. सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. हा नंबर मुला-मुलींच्या आणि आपल्याही मोबाईलमध्ये असू द्या.

बाकीचं काम घरातलं आहे. आई फोनवर ‘जेवलास का?’ विचारतेच; बापानेही ‘झोप लागते का, मन रमतं का?’ विचारावं. मुलीला सुटीत अभ्यासाचे दोन तास कोणी न मोडता मिळावेत. आणि मंडळापासूनच सुरुवात करू या : वर्गणीचा हिशोब आणि मांडवाची आखणी मुलींकडे द्या, मोदक वळायला आणि प्रसादाची भांडी घासायला मुलांना बसवा. शेजारी बसून काम करताना पोरं मोकळी होतात. तेव्हा आपण फक्त ऐकायचं, लगेच उपदेश करायचा नाही.

गणपती बाप्पा मोरया!