आडारकरांचा हिशेब



विम्याचे गणित हा विषय आकुर्डीच्या व्यासपीठावर कशाला, असे काहींना वाटेल. आम्ही चळवळीतली माणसे. आमचे गणित पगारपत्रकावर शिकलेले. पण पगारातून दरमहा जी रक्कम कापली जाते तिच्यामागे कोणीतरी मांडलेला हिशेब असतो. तो समजल्यावाचून हक्काने भांडता येत नाही.

या विद्येचा एक आद्य पुरुष म्हणजे लंडनचा गणितशिक्षक जेम्स डॉडसन. वय पंचेचाळिशीपुढे गेले म्हणून तिथल्या एका विमासंस्थेने त्याला सभासद करून घेतले नाही. तेव्हा त्याने मृत्यूच्या नोंदी पुढे घेतल्या आणि कोणत्या वयाला किती हप्ता घेतला म्हणजे संस्था बुडत नाही, हे मांडले. १७५७ मध्ये तो वारला. १७६२ मध्ये त्याच्या पद्धतीवर 'इक्विटेबल' संस्था उभी राहिली. वयस्काला दार उघडले खरे, पण ज्याचा धोका मोठा त्याचा हप्ता मोठा, हा नियमही ठरला.

हा नियम कामगाराला लावून पाहा. भट्टीपुढे उभा राहून दम्याने खंगलेला माणूस, त्यालाच सर्वांत मोठा हप्ता! तो भरणार कोठून?

आपल्या देशात या प्रश्नाची उकल केली प्रा. बी. पी. आडारकर यांनी. ते विमागणिती नव्हेत, अर्थशास्त्रज्ञ. मार्च १९४३ मध्ये सरकारने औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. विमा सक्तीचा असावा आणि वर्गणी मालक-कामगार दोघांनी भरावी, हा त्याचा गाभा. सक्ती कशासाठी? मर्जीवर सोडले तर आजारी तेवढे आत येतात, धडधाकट बाहेर राहतात आणि निधी आटतो. पुढे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या स्टॅक आणि राव या तज्ज्ञांनी योजना तपासली. प्रसूती व कामावरचे अपघात तिच्यात आले. १९४८ मध्ये कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. आपल्या चिंचवडच्या मोहननगरातले कामगार विमा रुग्णालय हे त्याच झाडाचे फळ.

जुलै २०१९ मध्ये दर ठरले ते असे : कामगाराचे शेकडा पाऊण रुपया, मालकाचे सव्वातीन. पंधरा हजार पगारावर कामगाराचे ११२ रुपये ५० पैसे, मालकाचे ४८७ रुपये ५० पैसे. पगार सारखा तर वर्गणी सारखी, मग कामगार तरुण असो की थकलेला. डॉडसनने धोका माणसामाणसांत वेगळा केला, आडारकरांनी तो सर्वांत वाटला. आम्ही याला संघटनेचेच गणित म्हणतो.

पण आजारभत्त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात ७८ दिवसांची वर्गणी जमा असावी लागते. आकुर्डीपासून चाकणपर्यंत कंत्राटी पोरांचे ठेकेदार बदलत राहतात आणि नोंद तुटते. त्यांच्या वर्गणीची पहिली जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर टाकली आहे, हे त्यांना सांगा. प्रत्येकाने आपला विमा क्रमांक मागून घ्यावा, वर्गणी जमा झाली की नाही ते तपासावे आणि झाली नसेल तर संघटनेकडे यावे. आजारी पडण्याआधी यावे, एवढीच आमची विनंती आहे.