विठाबाईंचा मुलगा

(प्रभादेवी, मुंबई येथे महासंघाच्या मेळाव्यात केलेले भाषण)

तायांनो, सकाळी सिद्धिविनायकाच्या रांगेत उभं राहून पाय दुखले असतील, म्हणून लांबण लावत नाही.

धैर्य म्हटलं की आपल्याला घोडा आणि तलवार आठवते. मी आज यशवंतराव चव्हाणांबद्दल बोलणार आहे. देवराष्ट्रे गावात १२ मार्च १९१३ ला जन्म. वडील प्लेगमध्ये गेले, मुलं लहान. आई विठाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण त्यांनी संसार ओढला. १९३२ साली कराडला झेंडा लावला म्हणून यशवंतरावांना दीड वर्षाची शिक्षा झाली. तेव्हा शाळेतल्या गुरुजींनी सुचवलं, माफी मागितली तर सुटका होईल. आईच म्हणाली, माफी कशाची मागायची? तब्येत जप. मुलगा तुरुंगात असताना असं बोलायला छाती लागते.

१९४२ मध्ये ते भूमिगत झाले. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचं लग्न झालं होतं. नवरा सापडेना म्हणून पोलिसांनी वेणूताईंना पकडलं, तेही लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला. वाणाच्या दिवशी कोठडी! पुढे त्यांची तब्येत ढासळली. आपल्या पुस्तकांत या बाईला एखादी ओळच मिळते, याचा मला राग येतो.

मग १९६२. चीनने आपल्याला हरवलं होतं. नेहरूंनी महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना दिल्लीला बोलावलं. २१ नोव्हेंबरला ते संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं लोक म्हणाले. मला मात्र त्यांचं २ सप्टेंबर १९६३ चं लोकसभेतलं निवेदन जास्त मोठं वाटतं. पराभवाची चौकशी झाली होती. सगळा अहवाल त्यांनी उघड केला नाही, कारण शत्रूही वाचणार. पण प्रशिक्षण कमी पडलं, डोंगरातल्या लढाईची तयारी नव्हती, वरच्या अधिकाऱ्यांतही उणिवा होत्या, हे सरकारच्या वतीने उभं राहून सांगितलं. आवाज न चढवता. आणि सैन्य वाढवणं, डोंगरी तुकड्या उभ्या करणं हे काम चालू ठेवलं.

त्याचा कस १९६५ ला लागला. १ सप्टेंबरला पाकिस्तानचे रणगाडे छांबमध्ये घुसले. दुपारी सेनाप्रमुख आणि हवाई दलप्रमुख यशवंतरावांकडे आले. विमानं वापरायची का? त्यांनी काही मिनिटांत होकार दिला आणि संध्याकाळी विमानं उडाली.

आता आपल्याकडचं. आपल्या ग्रामसंघाच्या सभेत थकबाकीचा विषय निघाला की सचिवताई रजिस्टर मिटतात आणि चहा येतो. सगळ्यांना माहीत असतं कुठल्या गटाचे हप्ते थांबलेत, पण जावेची, नणंदेची नावं कोण घेणार? माझं म्हणणं, नावं घेऊच नका. किती हप्ते थांबले, पाऊस की आजारपण की लग्नाचा खर्च, आणि पुढे कसे भरणार, एवढं वाचा. येत्या महिन्याच्या सभेत हा विषय पहिला घेऊया, सत्कार नंतर. कोण वाचणार ते आज जेवायच्या आधी मला सांगा.