शिक्षणाचे पीक उशिरा येते



बडोद्यात १८९० साली कलाभवन निघाले. तेथे रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम शिकवीत. १८९३ साली सयाजीराव महाराजांनी अमरेली तालुक्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले व १९०६ साली ते संस्थानभर नेले. कलाभवनाचे प्रा. गज्जर आणि त्यांचे शिष्य कोटिभास्कर व अमीन यांनी १९०७ साली अलेंबिक कंपनी काढली. पेरणीनंतर सतरा वर्षांनी आलेले हे पीक! शिकलेला कामगार नवे यंत्र लवकर आत्मसात करतो, दुसऱ्यालाही शिकवितो. उद्योग वाढतात ते असे.

म्हणून आमची विनंती, महोत्सवनिधीतून सभागृहाआधी, मजुरीसाठी शाळा सोडणाऱ्या आपल्या मुलांना शिष्यवृत्त्या द्याव्यात. फळ कदाचित आम्हांस दिसणार नाही; आपल्या नातवंडांस दिसेल.