नजरकैदेतले कपाट



स्वागत समितीच्या वतीने आपणां सर्वांचे नंदुरबार नगरीत सहर्ष स्वागत करताना, उतरण्याच्या बंदोबस्तात काही उणीव राहिली असल्यास तिचा जाब मलाच विचारावा, आणि पथारींवर वाळत पडलेल्या मिरचीचा ठसका मात्र आमच्या आतिथ्याचाच भाग समजावा, अशी विनंती आहे.

माझ्या तरुणपणी ज्या वाचनालयाने मला वाचनाचे व्यसन लावले, तेथे बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वेगळ्या कपाटात, जणू नजरकैदेत, ठेवलेल्या असत. आणि नोंदवहीत सर्वाधिक देवघेव त्याच कपाटाची आढळे, ही गोष्ट वाङ्मयाचे मानकरी सहसा बोलून दाखवीत नसत. वस्तुतः आचार्य अत्र्यांनी १९६२ साली एका खऱ्या भामट्याच्या खटल्यावरून ‘तो मी नव्हेच’ हे नाटक रचले, तेव्हा न्यायालयातली जबानी फिरत्या रंगमंचावर आली आणि सभ्य प्रेक्षकांनी तिला टाळ्या दिल्या. तरी कपाटाचे कुलूप निघाले नाही ते नाहीच.

ते कुलूप रत्नाकर मतकरींनी काढले, असे माझे मत आहे. १९५५ साली, मिसरूडही नीट न फुटलेल्या वयात, आकाशवाणीवर ‘वेडी माणसं’ ही एकांकिका देणारा आणि १९७८ पर्यंत बँकेची नोकरी सांभाळून नाटके, बालनाट्ये व गूढकथा लिहिणारा हा लेखक ‘खेकडा’सारखी कथा आणि ‘अलबत्या गलबत्या’सारखे बालनाट्य सारख्याच निष्ठेने हाताळीत असे. हेरकथेत शेवटच्या पानावर गुन्हेगार सापडतो व वाचक निश्चिंत निजतो. गूढकथेत मुकद्दमा निकाली निघतच नाही. दलितांवरील अत्याचाराची कैफियत मांडणाऱ्या ‘लोककथा ’७८’ या नाटकाला मी म्हणूनच त्यांच्या गूढकथांची सख्खी बहीण मानतो: तेथे अपराधी कोण हे गावाला ठाऊक असते, न्याय कोठे अडतो एवढेच कळत नाही. (समीक्षक हे नाते मान्य करणार नाहीत; स्वागताध्यक्षाला तेवढी सवलत असावी.)

नर्मदेच्या बुडितात ज्याचे मणिबेली गाव गेले, त्या आमच्या जिल्ह्याला तर मतकरींची आणखी एक ओळख आहे. नर्मदा बचाव आंदोलनाच्या बाजूने ते उभे राहिले होते. आणि नाटकाचे म्हणाल तर, येथल्या पाड्यांवर सोंगाड्या पार्टी ही आदिवासी लोकनाट्याची मंडळी, हाती संहिता नसताना, रात्रभर खेळ रंगवते. मतकरींनी तो कधी पाहिला की नाही मला ठाऊक नाही, पण पाहिला असता तर उजाडेपर्यंत उठले नसते.

अध्यक्षमहाराजांनी आता कामकाज सुरू करावे.