खुर्ची राखीव, पण बसायचं कोणी?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



आजच्या विषयपत्रिकेत कर्जफेडीनंतर 'पंचायत आणि आरक्षण' असं लिहिलंय. ते वाचून दोघी-तिघींनी विचारलंच, "ताई, निवडणूक लागली का?" लागली की मग धावपळ होते, म्हणून आत्ता बोलते.

सरपंचपदाची सोडत तालुक्याला निघते. बऱ्याचदा लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढतात. चिठ्ठी 'अनुसूचित जाती महिला' निघाली की गावात दोन वाक्यं ऐकू येतात. पहिलं, "आता हिच्या नवऱ्यालाच सरपंच म्हणायचं." दुसरं वाक्य आपण बायकाच बोलतो. "आपला काय संबंध, ती त्यांच्या वस्तीची जागा." पहिल्यावर भाषणं खूप होतात. मला दुसऱ्यावर बोलायचंय.

73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली. पंचायतीत किमान एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या. अनुसूचित जाती-जमातींना त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळाल्या, आणि त्या जागांतही बायकांचा वाटा ठेवला. महाराष्ट्रात 2011 पासून बायकांचा वाटा निम्मा झाला. म्हणजे कायद्याने बाईपण आणि जात ही दोन्ही ओझी एकत्र मोजली. बरोबरच केलं. सगळ्या बायकांचं दुःख सारखं असतं असं आपण म्हणतो खरं, पण हंडा घेऊन कोणी लांब उभं राहायचं हे पिढ्यान्‌पिढ्या जातीवरूनच ठरत आलंय.

आता त्या खुर्चीचा बाकीच्यांना काय फायदा? पश्चिम बंगालच्या बीरभूम आणि राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यात राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी एक अभ्यास केला, तो 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. पंचायतीचं प्रमुखपद बाईसाठी राखीव होतं, तिथे पिण्याच्या पाण्याची कामं जास्त झालेली दिसली, दोन्ही जिल्ह्यांत. कारण बायकांची मोठी तक्रार पाण्याचीच होती. बीरभूममधल्याच पुढच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. पद लागोपाठ दोन वेळा राखीव राहिलं, त्या गावांत मुली शिक्षणात मुलांच्या बरोबरीला आल्या आणि त्यांच्या वाट्याचं घरकामही कमी झालं. बाई कारभार करताना दिसली एवढ्यावरून! नळ आला की तो काही एकाच वस्तीला येत नाही. मग संबंध कसा नाही?

खुर्ची मिळाली तरी टिकवायला लागते. आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंचताईंना सरकारी जागेवर राहतात म्हणून अपात्र ठरवलं होतं. त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि 2024 मध्ये न्यायालयाने त्यांना पद परत दिलं. बाई सरपंच झालेली गावकऱ्यांना पचली नाही, असंही न्यायालय म्हणालं. दिल्लीपर्यंत जायचा दम प्रत्येकीत कुठून येणार? ग्रामसभेआधीच्या महिलासभेत आपण पन्नासजणी तिच्या बाजूने बसलो, तर बरंच काही गावातच मिटेल.

पण त्याआधी आपलं घर तपासूया. राग मानू नका. आपले गट वस्तीवस्तीचे आहेत, ग्रामसंघात मात्र सगळ्या एकत्र बसतो. मग बैठक ठरावीक तीन घरांच्याच ओट्यावर का होते? कुणाच्या घरचा चहा "आत्ताच झाला" म्हणून राहतो? शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 ला कोल्हापूर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखून ठेवल्या. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या दुकानात ते स्वतः जाऊन चहा घ्यायचे, सोबतच्या लोकांनाही पाजायचे. नुसत्या हुकमाने भागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

आता कागदांचं, हे नीट ऐका. राखीव जागेवर लढायचं तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. मुदतीत दिलं नाही तर निवडून आलेलं पदही जातं. आणि लग्न झालेल्या बाईची जात वडिलांकडच्या कागदांवरून बघतात, सासरच्या नाही. पुरावा किती जुना? अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा, जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. आजोबांचा किंवा चुलत्यांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूची जुनी नोंद असं काही माहेरी शोधावं लागतं. भावाशी बोलणं नसेल तर त्याहून अवघड. म्हणून येत्या सणाला माहेरी जाल तेव्हाच ट्रंक उघडून बघा. चारच सख्या मिळून आल्या तरी मी तालुक्याला सोबत येते.

प्रवासाचा आणि झेरॉक्सचा खर्च ग्रामसंघाच्या निधीतून करायचा का, यावर सचिवताई आता मत घेतील.