उंबरठ्याबाहेरचे पहिले पाऊल



1 ऑक्टोबर हा दिवस 1991 पासून जगभर ज्येष्ठ नागरिक दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी गावोगावी शाल-श्रीफळ देऊन वृद्धांचा सत्कार होतो, भाषणे होतात, चहापान होते. सत्कार स्वीकारून सभागृहाबाहेर आलेल्या ज्येष्ठाला घरी जाण्यासाठी मात्र समोरचा रस्ता ओलांडावा लागतो आणि तेथे त्याच्यासाठी एकही वाहन थांबत नाही. आजच्या विषयाचा प्रारंभ त्या रस्त्यापासून करणेच उचित ठरेल.

खान्देशातील मध्यमवर्गीय घरांचे चित्र गेल्या तीस-चाळीस वर्षांत पालटले. मुलगा पुण्यात, मुलगी नाशिकला किंवा सातासमुद्रापार आणि जळगावच्या बळीराम पेठेत अथवा धुळ्याच्या देवपुरात आप्पा आणि माई दोघेच. मुले मनापासून बोलावतात. आप्पा जातात, महिनाभर राहतात आणि परत येतात. तेथे सुखसोयी कमी असतात म्हणून नव्हे. पण अकराव्या मजल्यावरच्या त्या सदनिकेत अहिराणीतून चार शब्द बोलायला कोणी भेटत नाही. इथे ओळखीचा किराणा दुकानदार आहे, नाडी पाहताच प्रकृती जाणणारा डॉक्टर आहे, सकाळच्या फेरीतले सोबती आहेत. जेथे आयुष्य गेले तेथेच, स्वतःच्या पायांनी, शेवटपर्यंत वावरता यावे ही त्यांची पहिली इच्छा असते. बाकीच्या साऱ्या अपेक्षा या एका इच्छेतून निघतात.

ही इच्छा थोड्याथोडक्यांची नाही. 2011 च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेले सुमारे 10 कोटी 40 लाख नागरिक होते आणि महाराष्ट्रात हे प्रमाण लोकसंख्येच्या दहा टक्क्यांच्या आसपास होते. त्यानंतर ते वाढतच गेले आहे. त्यामुळे वृद्धांचा प्रश्न आता घराच्या चार भिंतींत मावणारा राहिलेला नाही. सून कितीही प्रेमळ असली तरी ती रस्ता बांधू शकत नाही आणि मुलगा कितीही कर्तव्यदक्ष असला तरी तो नळाला पाणी आणू शकत नाही.

या दोन्ही शहरांना नियोजनाचा वारसा नाही, असे कोणी म्हणू नये. 1819 मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे खान्देशचे मुख्य ठाणे म्हणून निवडले आणि नव्या वस्तीची सरळ रेषेत आखणी करविली. क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या गल्ल्या आजही त्या आखणीची साक्ष देतात. 1884 मध्ये सरकारी सेवेत रुजू झालेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी उमेदीच्या काळातच पांझरेच्या खोऱ्यात नळवाहिनीतून पाणी पलीकडे नेण्याचे अवघड काम पार पाडले. पुढे त्यांनी वयाची शंभरी गाठली. 1906 मध्ये खान्देशचे विभाजन होऊन जळगाव हे पूर्व खान्देशचे आणि धुळे हे पश्चिम खान्देशचे मुख्यालय झाले. 2003 मध्ये दोन्ही नगरपालिकांच्या महापालिका झाल्या. पाटी बदलली, करांची आकारणी बदलली; मात्र नागरिकाचा रोजचा दिवस कितपत बदलला, याचा हिशेब मांडायला हवा.

पाण्याचेच पाहा. जळगावला वाघूरचा आधार आहे. धुळ्याला डेडरगाव, नकाणे हे जुने तलाव आहेत, तापीवरून पाणी आणले गेले आणि पुढे अक्कलपाड्याची योजना आखली गेली. तरीही धुळेकरांनी कित्येक उन्हाळे आठ-आठ, दहा-दहा दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर काढले. तरुण कुटुंबासाठी ही गैरसोय असते. सत्तरीतल्या एकाकी जोडप्यासाठी ती प्रकृतीची परीक्षा असते. पाणी मध्यरात्री आले तर मध्यरात्री उठायचे, ओल्या फरशीवरून बादल्या वाहायच्या. त्या फरशीवर एकदा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले की, कालपर्यंत हिंडता-फिरता माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. म्हणून रोज नसले तरी ठरलेल्या दिवशी, दिवसाउजेडी, ठरलेल्या वेळी पाणी यावे ही मागणी अवाजवी नाही. त्यासाठी नवे धरण लागत नाही, वेळापत्रकाची शिस्त लागते.

दुसरी अपेक्षा पायाखालच्या वाटेची. पदपथ असेल तर त्यावर दुकानाचा माल मांडलेला, नसेल तर गटारावरची फरशी हलणारी, आणि जलवाहिनीसाठी खोदलेला चर महिनोन्महिने तसाच. जळगावच्या मधून रेल्वे जाते. शिवाजीनगरचा जुना पूल 2019 मध्ये पाडल्यावर नवा पूल होईपर्यंत पलीकडच्या वस्तीला जो वळसा पडला, त्याचे अंतर तरुणांनी मिनिटांत मोजले. गुडघेदुखीच्या माणसाने ते टाळलेल्या कामांत मोजले. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये 33 शहरांतील ज्येष्ठांशी बोलून वृद्धस्नेही शहरांसाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. त्या शहरांत आपल्याकडची दिल्ली आणि उदयपूर ही शहरेही होती. बसायला बाके, स्वच्छ प्रसाधनगृहे, सपाट पदपथ, रस्ता ओलांडायला पुरेसा वेळ अशा साध्या गोष्टी त्यांतून पुढे आल्या. धुळ्याच्या आग्रा रोडवर किंवा जळगावच्या टॉवर चौकात कोणा माईंना विचारले असते, तरी उत्तर हेच मिळाले असते.

तिसरी गोष्ट उन्हाची. खान्देशचा उन्हाळा पारा 45 अंशांच्या घरात नेतो. वृद्ध शरीराला तहान उशिरा जाणवते, घाम कमी येतो आणि रक्तदाबाची काही औषधे शरीरातील पाणी आणखी कमी करतात. अहमदाबाद महापालिकेने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा राबवायला घेतला. त्यात आगाऊ इशारा, पाणपोया आणि रुग्णालयांची पूर्वतयारी यांचा मेळ घातला गेला. खान्देशात पाणपोई हे पुण्यकर्म मानले गेले आहे. त्या पुण्यकर्माला सावलीची झाडे, दुपारी उघडी राहणारी उद्याने आणि एकट्या वृद्धांची वॉर्डनिहाय यादी यांची जोड दिली, तर तोच आपला आराखडा होईल.

चौथी अपेक्षा सरकारी खिडकीवरची. कायदे पुष्कळ आहेत. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा कायदा 2007 मध्ये झाला. त्यात निर्वाहासाठी न्यायाधिकरण आहे, सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी वेगळ्या रांगेची तरतूद आहे आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास परत मिळविण्याचा मार्गही आहे. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणे हा हक्क झाला. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला. ऑक्टोबर 2024 मध्ये आयुष्मान भारत योजनेत सत्तरीपुढील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देण्यात आले. या सर्वांचे स्वागतच आहे. पण एस.टी. फुकट झाली तरी तिची पायरी उंचच राहिली, आणि कार्ड मिळाले तरी ते कसे वापरायचे हे सांगणारा माणूस सापडेलच असे नाही. बोटांच्या रेषा झिजल्यामुळे यंत्राने ओळख नाकारली, तर 'उद्या या' एवढेच ऐकून परतायचे का? जळगाव महापालिकेची इमारत सतरा मजल्यांची आहे. ज्येष्ठांची कामे तळमजल्यावर, एकाच खिडकीवर, बसवून घेऊन उरकली, तर त्या उंच इमारतीची प्रतिष्ठा आणखी वाढेल.

हे सारे मागताना ज्येष्ठांनीही आपल्याकडे पाहिले पाहिजे. तक्रार करण्यापुरताच त्यांचा शहराशी संबंध राहिला, तर त्यांचे म्हणणे ऐकले जाणार नाही. निवृत्त अभियंता वॉर्डातील खोदकामावर लक्ष ठेवू शकतो. निवृत्त लिपिक शेजाऱ्यांचे अर्ज भरून देऊ शकतो. निवृत्त शिक्षिका वस्तीतील मुलांचा अभ्यास घेऊ शकते. 1877 मध्ये स्थापन झालेले जळगावचे जिल्हा वाचनालय, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर ही सामान्य माणसांच्या श्रमांतून उभी राहिलेली ज्ञानकेंद्रे आहेत. तेथील जुनी पोथी वाचू शकणारी नजर आज ज्येष्ठांपाशीच आहे. ती तरुणांच्या हाती सोपविणे, हे त्यांच्या वाट्याचे काम आहे.

आणि तरुणांच्या वाट्याचे? आपल्या गल्लीत एकटे राहणारे ज्येष्ठ किती, हे आज रात्री मोजावे. त्यांच्या दाराशी आठवड्यातून एकदा जाऊन पाणी आले का, औषध संपले का, एवढे विचारावे. 14567 हा ज्येष्ठांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या भिंतीवर लावावा. नंतर दहा घरांनी मिळून आपल्या रस्त्यावरच्या एका हलत्या फरशीसाठी महापालिकेकडे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि ती फरशी बसेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.

शहर किती विकसित झाले, हे उड्डाणपुलांच्या संख्येवरून सांगण्याची पद्धत आहे. खान्देशातील या दोन शहरांनी दुसरे एक माप लावून पाहावे. सायंकाळी पाच वाजता ऐंशी वर्षांच्या माईंनी काठी घेऊन उंबरठा ओलांडला, मंदिरात जाऊन, मैत्रिणीशी घटकाभर बोलून दिवेलागणीपूर्वी त्या घरी परतल्या, आणि या साऱ्या वेळात पुण्यातल्या मुलाला काळजी वाटली नाही, तर ते शहर चांगले आहे असे खुशाल म्हणावे. ज्या वाटेने माई सुखरूप चालतील, तीच वाट शाळकरी मुलाला, गरोदर भगिनीला आणि अपंग बांधवालाही सुखरूप नेईल.